स्वेटर न निघालेला हिवाळा : जुळे सोलापुरातल्या एका गच्चीचं प्रकरण

२७ डिसेंबर २०२४ ला काकूंचा फोन आला. "ओ, जरा येऊन जावा की. झाडं वेडी झालीत." मी घरगुती बागांची देखभाल करतो. सोलापुरात असे फोन एप्रिल-मेमध्ये रोजचे असतात, डिसेंबरात नाही. डिसेंबर म्हणजे आमच्या धंद्यातला निवांत महिना. झाडं झोपेत, कीड थंड, गिऱ्हाईक हुरड्याच्या पार्टीत.

काकूंची गच्ची चार वर्षं माझ्याकडे आहे. जुळे सोलापुरात स्वतंत्र घर, वर साधारण वीस बाय तीसची गच्ची, पश्चिमेला मोकळं माळरान आणि लहानमोठ्या सत्तरेक कुंड्या. काका बँकेतून निवृत्त झाले, पाण्याचा हिशेब त्यांच्याकडे. फुलांचा हिशेब काकूंकडे. बटमोगऱ्याच्या चौदा कुंड्या हा काकूंचा जीव. बाकी लाल चाफा, ॲडेनियम, पॉईन्सेटिया, अनंत, बोगनवेल, जास्वंदी, जिन्याच्या डोक्याशी सावलीत तीन अँथुरियम आणि मुलीनं भेट दिलेली दोन फॅलेनॉप्सिस ऑर्किड.

मोगरा-जास्वंद सोडली तर यातलं बरंचसं सातासमुद्रापारचं. लाल चाफा आणि पॉईन्सेटिया मेक्सिकोकडचे, बोगनवेल ब्राझीलची, ॲडेनियम आफ्रिका-अरबस्तानातलं, अँथुरियम कोलंबिया-इक्वेडोरच्या ओल्या रानातलं. सगळी गरम मुलखातली. म्हणून रविवारी २९ तारखेला मी पोचल्यावर काकांनी दारातच विचारलं, "ही उन्हातलीच झाडं ना? मग थंडी कमी पडली तर यांचं काय बिघडलं? उलट खूश व्हायला पाहिजेत."

प्रश्न बरोबर होता. उत्तर द्यायला मला दोन महिने लागले.

हवा

सोलापूरची थंडी मुळात बेताची. जानेवारीत दुपारी तिशीच्या आसपास, पहाटे पंधरा-सोळा. कधी एखादी लाट येऊन पारा दहा-अकरावर गेला की चौकात शेकोट्या दिसतात. पण ही बेताची थंडी झाडांच्या चांगली लक्षात असते. त्या वर्षी ती विस्कटली. ऑक्टोबर २०२४ हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण ऑक्टोबर ठरला. ३० नोव्हेंबरला फेंगल चक्रीवादळ पुद्दुचेरीजवळ किनाऱ्याला लागलं आणि डिसेंबरचा पहिला आठवडा आपल्याकडे ढगाळ, दमट, मध्येच चार थेंब असा गेला. ढग असले की जमिनीची उष्णता रात्री वर निघून जात नाही, गोधडी घातल्यासारखी खालीच राहते. मग महिन्याच्या मध्यावर आठवडाभर खरी थंडी आली, आणि आली तशी गेली. पुढे जानेवारी कोमट. गड्ड्याच्या जत्रेत संध्याकाळी पाळण्यांच्या रांगेत लोक अर्ध्या बाह्यांत उभे होते. फेब्रुवारी २०२५ ची सरासरी तर १९०१ पासूनच्या नोंदीतली सर्वांत वरची निघाली.

हे झालं बाहेरचं. गच्चीवर मामला वेगळा असतो. मी कमाल-किमान तापमापक कुंडीच्या उंचीवर टांगला. पहिल्या पाच रात्रींत किमान आकडा एकोणीसच्या खाली गेला नाही. रात्री दहा वाजता पॅरापेटला हात लावला तर भिंत अजून ऊबदार. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत कुंड्यांना खालून शेकत होता.

झाड रात्री दिवसभराच्या कमाईतून खर्च करतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. हिवाळ्यात दिवस लहान, म्हणजे कमाई आधीच कमी, त्यात रात्री गरम, म्हणजे खर्च जास्त. काकांना हे लगेच पटलं. बँकेतला माणूस.

कुंड्यांपाशी

त्या रविवारी मी तीन तास गच्चीवर होतो. एकेक कुंडी बघत गेलो.

मोगऱ्यानं ढगाळ आठवड्यात भरभरून फूट काढली होती. पोपटी, लुसलुशीत, पेरं लांब. त्या फुटीच्या शेंड्याला कळ्या आल्या, काकूंनी शेजारणींना सांगितलंसुद्धा. मग थंडीचा आठवडा आला आणि कळ्या तिथेच थिजल्या. मी एक तोडून नखानं उघडली. बाहेरून जांभळट, आत पाकळ्यांच्या गाभ्यात काळपट बारीक बोगदा, आणि त्याच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढी अळी. कळी पोखरणारी अळी. एरवी थंडीत मोगऱ्याला कळ्याच नसतात, त्यामुळे अळीची साखळी तुटते. यंदा तिला हिवाळाभर जेवण मिळालं होतं.

चाफ्याला डिसेंबरअखेर सगळी पानं शाबूत. लाल चाफा या दिवसांत नागडा दिसायला हवा. खालची फांदी वाकवून पान उलटं केलं तर हळद सांडल्यासारखे नारिंगी फोड. तांबेरा. बोट फिरवलं की बोटाला रंग लागतो. हा तांबेरा जिवंत पानावरच जगतो. चाफ्याची पानगळ म्हणजे झाडाचं वर्षातून एकदा घर झाडणं, आणि यंदा घर झाडलंच गेलं नव्हतं.

ॲडेनियमच्या पानांखाली कोळ्याची जाळी. लाल कोळीला तिशीचं कोरडं हवामान मिळालं तर अंड्यापासून पुढच्या अंड्यापर्यंत आठवडा पुरतो. थंडीत त्याच कामाला दोन-अडीच आठवडे लागतात. म्हणजे डिसेंबरात जिथे दोन पिढ्या व्हायच्या तिथे चार झाल्या.

अँथुरियमच्या पानांच्या कडा विटकरी रंगानं करपलेल्या. अनंताची पानं पिवळी, शिरा हिरव्या, कळी एकही नाही. ऑर्किड हिरवीगार आणि ढिम्म. पॉईन्सेटिया, जो नाताळला लाल व्हावा म्हणून काकू वर्षभर सांभाळतात, तो अर्धा हिरवा. बोगनवेल तेवढी मस्त होती. तिला कोण काय करणार.

जाताना ठिबकचा टायमर बघितला आणि गप्प झालो. सगळ्या गच्चीला एकच लाईन. मीच टाकलेली. सकाळी दहा मिनिटं, ताशी चार लिटरचा ड्रिपर, म्हणजे प्रत्येक कुंडीला साधारण साडेसहाशे मिली पाणी. मोगऱ्यालाही तेवढंच, चाफ्यालाही तेवढंच, खोडात पाण्याची टाकी घेऊन जन्मलेल्या ॲडेनियमलाही तेवढंच. शिवाय नोव्हेंबरात मी सरसकट १९:१९:१९ हे नत्र-स्फुरद-पालाशाचं खत पाजलं होतं, कारण दरवर्षी पाजतो. एरवी थंडी माझी ही चूक झाकून घ्यायची. गारठ्यात झाडाची भूक मंदावते, खताचा फारसा उपयोग नाही आणि फारसा उपद्रवही नाही. यंदा ऊब, ओल आणि नत्र तिन्ही एकदम मिळाल्यावर झाडानं दुसरं काय करायचं?

काकूंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग दोन महिन्यांचे पैसे परत द्या." विनोद होता असं मी धरून चाललो.

कोण कशाची वाट बघतंय

गरम मुलखातली झाडं थंडीची वाट बघत नाहीत, हा समज अर्धाच खरा आहे. त्यांच्या मुलखात बर्फ पडत नाही एवढंच. पण तिथेही कोरडा हंगाम असतो, रात्री गार होतात, दिवस लहानमोठे होतात, आणि प्रत्येक जात यांपैकी कुठल्या तरी इशाऱ्यावर फुलायचं ठरवते. नेहमीच्या वर्षी सोलापुरात हे तिन्ही इशारे एकदमच येतात. पाऊस थांबतो, गारवा येतो, रात्र मोठी होते. त्यामुळे कोण कशाकडे बघतंय हे माळ्याला कळायची गरजच पडत नाही. त्या हिवाळ्यात गारवा गळाला आणि एकेकाचं पितळ उघडं पडलं, माझ्यासकट.

मी खडूनं कुंड्यांवर खुणा केल्या. ज्यांचा आराम पाण्यावर ठरतो त्यांना 'पा': चाफा, ॲडेनियम, बऱ्याच अंशी मोगरा. ज्यांना रात्रीचा गारवाच लागतो त्यांना 'गा': अनंत, ऑर्किड. पॉईन्सेटियाला 'अं', अंधार. अँथुरियमवर काहीच लिहिलं नाही, कारण त्याचं दुखणं हवेचं वाटत नव्हतं.

यात 'पा' वाल्यांचं माझ्या हातात होतं. हवा गार करता येत नाही, पाणी बंद करता येतं. प्रत्येक ओळीला वीस रुपयांचा छोटा कॉक बसवला. हे काम चार वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.

मोगऱ्याचा बहार

काकूंचे भाऊ सांगोल्याकडचे, डाळिंबवाले. बहिणीकडे तिळगुळाचं सामान पोचवायला आले आणि गच्चीवर चढले. आम्ही त्यांना दादा म्हणतो. त्यांनी मोगऱ्याच्या कुंडीत बोट घातलं, माती चिमटीत घेऊन गोळी केली आणि मला म्हणाले, "ताण कुठाय याला? ताण न देता बहार धरायला निघालात काय?"

सोलापूर जिल्ह्यात डाळिंबवाल्याशी बहाराबद्दल वाद घालू नये. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र उगाच नाही आलं. डाळिंबाला थंडी लागो न लागो, शेतकरी पाणी तोडतो. महिना-दीड महिना ताण, पानगळ, छाटणी, मग पाणी सोडून ताण तोडायचा, की फूल एकगठ्ठा येतं. बहार म्हणजे फुलोरा, तो आंबे असो, मृग असो, हस्त असो, झाडाला हंगाम माणूस नेमून देतो. गच्चीवर नेमकं हेच हवं होतं, आणि ते मला माळी असून सुचलं नव्हतं. मी आपला थंडीची वाट बघत बसलेलो.

पण कुंडी म्हणजे शेत नव्हे. दादांचा ताण सहा आठवड्यांचा. झाडाची मुळं तेवढ्यात खाली ओल शोधत जातात. बारा इंची कुंडीतल्या मोगऱ्याला खाली स्लॅब आहे. सहा आठवड्यांत त्याचं सरपण होईल. दादा म्हणाले, मग ईथ्रेल मारा, पानं चार दिवसांत उतरतील. ते मी साफ नाही म्हटलं. डाळिंबावर त्याचं प्रमाण ठरलेलं आहे, कुंडीतल्या मोगऱ्यावर मी ते कधी वापरलेलं नाही, आणि काकू त्याच फुलांचा गजरा करतात. दादा जरा नाराज झाले. "तुमचं तुम्ही बघा, पण पाणी तोडा."

तोडलं. ३ जानेवारीला मोगऱ्याचा कॉक बंद. त्याआधी सगळ्या पोखरलेल्या कळ्या हातानं खुडून पिशवीत बांधून फेकल्या. कंपोस्टच्या डब्यात टाकल्या असत्या तर अळीचा पतंग होऊन तिथून उडून परत आला असता. ताणाची मोजणी दिवसांवर केली नाही, पानांवर केली. पहिले तीन दिवस काहीच नाही. चौथ्या दिवशी कोवळी फूट दुपारी माना टाकायची आणि रात्री सावरायची. सातव्या दिवशी जुन्या पानांची चकाकी गेली, हिरवा रंग राखी झाला, आणि सकाळीसुद्धा शेंडे पूर्ण सावरेनात. इथे थांबायचं असतं. मध्ये एकदा अर्धा तांब्या पाणी दिलं, मुळं मरू नयेत इतपतच. काकूंनी ते आठ दिवस गच्चीवर येणंच बंद केलं. "उपाशी लेकरं बघवत नाहीत," म्हणाल्या.

रविवारी १२ जानेवारीला, भोगीच्या आदल्या दिवशी, छाटणी. काडीच्या जाडीच्या फांद्यांपर्यंत उतरलो, गुडघ्याएवढी उंची ठेवली, उरलेली पानं ओरबाडून काढली. तमिळनाडूत मोगऱ्याची ही छाटणी नोव्हेंबरअखेरच करतात. आम्ही दीड महिना उशिरा होतो, पण झाड जागं असताना छाटून उपयोग नव्हता. वरची दोन बोटं माती खुरप्यानं मोकळी केली, दोन मुठी गांडूळखत, वर उसाचं पाचट. पाणी पहिल्या दिवशी एक तांब्या, चौथ्या दिवशी दोन, मग रोजचं. एकदम भरपूर पाणी दिलं तर तहानलेली मुळं कुजतात.

चौदापैकी नऊ कुंड्यांचंच हे केलं. पाच काकूंनी अडवल्या. "माझ्या पाच मला ठेवा, तुमचे प्रयोग त्या नवांवर करा." त्या रागात नकळत तुलनेची सोय झाली.

काकूंच्या पाच कुंड्यांनी १० फेब्रुवारीच्या सुमारास फुलं द्यायला सुरुवात केली. रोज दोन-चार, पाकळ्यांचे थर कमी, वास नेहमीचा. निम्म्या कळ्या अळीनं खाल्ल्या. नऊ कुंड्या तोवर नुसत्या पालवीत. काकू येताजाता मला ऐकवायच्या. मग २८ फेब्रुवारीला त्या नवांवर पहिली फुलं उघडली आणि १ मार्चला सकाळी परडी भरली. फुलं सुपारीएवढी, घट्ट, जांभळी कळी शंभरात एखादी. छाटणी आणि पानं काढल्यामुळे अळीला मधले सहा आठवडे खायलाच काही नव्हतं. निकाल मला स्पष्ट वाटतो. काकूंना वाटत नाही. त्यांचं म्हणणं, संक्रांतीनंतर महिन्याभरात देवाला चार फुलं मिळाली ती या पाचांचीच. तुमची परडी मार्चची, आणि मार्चमध्ये मोगरा बाजारातही मिळतो. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पॉईन्सेटिया आणि खांब

हे प्रकरण मला सर्वांत आवडलं, कारण पुरावा झाडावरच लिहिलेला होता. झुडूप भिंतीकडच्या बाजूनं लाल आणि रस्त्याकडच्या बाजूनं हिरवं. मधोमध रेघ मारल्यासारखं. काकांनी खताची कमतरता म्हणून दोनदा शेणखत घातलं होतं, तेही हिरव्या बाजूला!

पॉईन्सेटियाची लाल पाकळी म्हणजे रंगलेलं पानच. रंगायचा हुकूम त्याला लांब रात्रीकडून मिळतो, आणि ती रात्र अखंड काळोखी लागते. रस्त्यावरच्या खांबाला दिवाळीच्या आसपास पांढरा एलईडी दिवा लागला होता. रात्री आठला मी कुंडीशी उभा राहिलो. रस्त्याकडच्या पानांवर माझ्या बोटाची सावली पडत होती. भिंतीकडच्या पानांवर नाही. एवढा उजेड पुरतो. एकाच झाडाच्या फांद्यांनी वेगवेगळा हिशेब केला होता.

पण भिंतीकडचा लालसुद्धा उशिराचाच होता, दरवर्षीपेक्षा पंधरा-वीस दिवस मागे. त्याचं कारण दिव्यात सापडत नाही. या झाडाला काळोख मिळाला तरी सुरुवातीच्या रात्री बावीस-तेविसाच्या वर राहिल्या की रंगायचं काम लांबतं. शेवंतीचंही तसंच. म्हणजे पॉईन्सेटियाचा निकाल त्या विक्रमी ऑक्टोबरातच लागला होता, डिसेंबरात आपण फक्त पेपर बघत होतो.

काळं कापड झाकायचा सल्ला पुस्तकी आहे. गरम गच्चीवर कापडाखाली आणखी गरम होतं. कुंडी उचलून पाण्याच्या टाकीमागे ठेवली, जिथे खांब दिसत नाही. आठ आठवड्यांनी, २६ फेब्रुवारीच्या महाशिवरात्रीला झुडूप सगळीकडून लाल होतं. नाताळचं झाड शिवरात्रीला रंगलं म्हणून काकूंनी त्याला बेलासोबत उभं केलं.

अँथुरियम, म्हणजे हवेवर घेतलेला खोटा आळ

इथे मी आधी कोरड्या हवेला दोष दिला. सोलापूरची दुपार कोरडी, अँथुरियम पावसाळी रानातलं, कडा करपणारच. पण करपलेल्या पानाखाली कुंडीच्या काठावर पांढरी खर दिसली. जिभेला लावून बघितली. खारट.

विचारपूस केल्यावर काकांनी कौतुकानं सांगितलं की फिल्टरचं टाकाऊ पाणी ते वाया जाऊ देत नाहीत. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, बाकी सगळं बोअरवर, तेव्हा प्रत्येक थेंब मोलाचा. हे टाकाऊ पाणी ते बादलीत धरून रोज नेमानं अँथुरियम आणि अनंताला घालायचे. फिल्टर गोड पाणी आपल्याला देतो आणि त्यातले क्षार टाकाऊ पाण्यात ढकलतो. आधीच जड बोअरचं पाणी, त्याचा हा अर्क. इतर वर्षी थंडीत माती सावकाश वाळायची, काका दोन दिवसांआड घालायचे, निभायचं. यंदा गरम हवेत माती रोज वाळली, रोज बादली गेली, पाणी उडालं आणि मीठ कुंडीत साठलं.

हे त्यांना सांगणं अवघड गेलं. पाणी वाचवणाऱ्या माणसाला तू चुकलास म्हणणं सोलापुरात पाप आहे. ते पाणी आता फरशी आणि गाडी धुवायला जातं. अँथुरियमच्या कुंड्यांमधून नळाचं पाणी तीन वेळा आरपार सोडून मीठ धुऊन काढलं, वरची खर खरवडली.

कोरड्या हवेचा आळ मात्र पूर्ण खोटाही नव्हता. फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात दुपारी पश्चिमेचा वारा झोंबायला लागला, तेव्हा दरवर्षी मार्चमध्ये चढणारी पन्नास टक्क्यांची शेडनेट आम्ही तिथेच चढवली. पश्चिमेच्या बाजूला गोणपाट लावून भिजवायचं ठरलं होतं. गोणपाट तासाभरात कोरडं. मग काकूंनी ट्रंकेतून जुनी सोलापुरी चादर काढली. जाड सुती विणीची, मयूराची नक्षी विटलेली. एकदा भिजवली की दुपारभर ओल धरते. तिच्यामागे तापमापक चार अंश कमी दाखवायचा. काकू दोन दिवस हळहळल्या, लग्नातली चादर म्हणून. नवी पानं मार्चमध्ये कोऱ्या कडांची निघाली.

बाकीचे

चाफ्याचं पाणी ३० डिसेंबरपासून बंद, फोड असलेली सगळी पानं हातानं उतरवली. चीक अंगावर उडतो, डोळ्याला लागला तर आग होते, म्हणून चष्मा घालून. जी थंडीनं करायची ती पानगळ आम्ही केली. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात उघड्या फांद्यांच्या टोकाला पालवी आणि तिच्यासोबतच कळ्यांचा झुबका आला. नवी पानं उलटी करून बघतो आहे, अजून तरी स्वच्छ.

ॲडेनियम दोन. एकाचं पाणी तोडलं, एकाचं नुसतं कमी केलं. तोडलेल्यानं पानं टाकली आणि फेब्रुवारीअखेर पानांआधी फुलं काढली. दुसरं लांबट वाढून शेंड्याला दोन-तीन फुलांवर राहिलं. दोन झाडांवरून नियम करायचा नसतो, पण पुढच्या वर्षी मी दोघांचंही तोडणार आहे. कोळीसाठी औषध वापरलं नाही, तीन दिवसांआड सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा, आणि पिठ्या ढेकूण दिसले तिथे लिटरला पाच मिली निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात, ऊन उतरल्यावर.

अनंतात मी हरलो. पिवळेपणा गेला. बोअरच्या अल्कधर्मी पाण्यात ईडीटीए नावाचं साधं लोहाचं खत टिकत नाही, ईडीडीएचए नावाच्या रूपातलं टिकतं, ते दिल्यावर तीन आठवड्यांत पानं गर्द हिरवी झाली. पण अनंताची कळी धरायला रात्री अठराच्या खाली जाव्या लागतात, आणि गच्चीवर तशा रात्री मोजून आठ आल्या. मार्चपर्यंत झाडावर दोन कळ्या, त्यातली एक गळाली. पुढच्या ऑक्टोबरात कुंडी खाली अंगणात उतरवायची, स्लॅबपासून लांब, एवढंच ठरलं आहे.

ऑर्किडची गोष्ट अर्धवट आहे. फॅलेनॉप्सिसला फुलाचा दांडा काढायला काही आठवडे पंचविसाच्या आतबाहेरचं वातावरण लागतं. गच्चीवर ते शक्यच नव्हतं. दोन्ही कुंड्या खाली उत्तरेच्या बोळात, हौदाच्या कट्ट्यावर नेल्या. तिथे ऊन येत नाही आणि हौदामुळे दुपारीही गारवा असतो. जानेवारीचा महिना त्यांनी तिथे काढला. एकीनं काहीच केलं नाही. दुसरीनं फेब्रुवारीच्या मध्यावर दोन पानांच्या बेचक्यातून हिरवं टोक काढलं. मूळ की दांडा यावर काका-काकूंची पैज लागली. मुळाचं टोक गोल असतं, दांड्याचं हाताचं मिटलेलं बोट असावं तसं चपटं. काकू जिंकल्या. मी शेवटचं बघितलं तेव्हा तो दांडा वीतभर झाला होता, बाहेर मार्चचं ऊन तापायला लागलं होतं, आणि काका दिवसातून तीनदा कट्ट्यावर पाणी शिंपडून येत होते. नळाचं.